छताचा क्लेम: २% डिडक्टिबल म्हणजे नक्की कशाचे २%?

अंगणवेल

नमस्कार मंडळी, आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. गेल्या मंगळवारी रात्री इकडे जबरदस्त गारा पडल्या, लिंबाएवढ्या तर नक्की होत्या, दहा मिनिटं छतावर नुसते दगड पडल्यासारखा आवाज आणि मुलं घाबरून आमच्या खोलीत. सकाळी बघितलं तर अंगणात काळ्या वाळूसारखे कण पसरलेले, गटरला पोचे, एसीच्या बाहेरच्या युनिटच्या जाळीवर पण चेपलेलं. घरात कुठे गळत नाहीये.

आता त्या दिवसापासून रोज दोन-तीन रूफर दार वाजवतायत. त्यातला एक चांगला बोलणारा वाटला, तो म्हणाला की तुमचं आख्खं छत बदलावं लागणार, इन्शुरन्स सगळं देईल आणि डिडक्टिबलची (क्लेममधे आपण स्वतः भरायचा वाटा) तुम्ही काळजी करू नका ते आम्ही 'बघून घेऊ'. एका कागदावर सही मागितली, म्हणे फक्त तपासणीची परवानगी. नवरा म्हणतो करून टाकू, माझं मन तयार होत नाही.

पॉलिसी काढून बघितली तर त्यात विंड अँड हेल (वारा आणि गारा) डिडक्टिबल २% लिहिलंय आणि खाली ऑल अदर पेरिल्स (बाकी सगळ्या नुकसानाला) २,५०० डॉलर. मला वाटलेलं २% म्हणजे छताचा खर्च समजा २० हजार आला तर ४०० डॉलर आपले. बरोबर आहे ना? छत ११ वर्षांचं आहे, आम्ही घर घेतलं तेव्हापासूनचंच. क्लेम करायचा पहिलाच अनुभव आहे, प्लीज कोणीतरी नीट सांगा.

कौलारू

अंगणवेल, आधी एक काम करा, त्या कागदावर सही करू नका. बाकी सगळं त्यानंतर.

आता २% चं. हे २% क्लेमच्या रकमेचे नसतात, पॉलिसीच्या पहिल्या पानावर, डेक्लरेशन पेजवर, कव्हरेज ए किंवा ड्वेलिंग असं लिहून जो आकडा असतो त्याचे असतात. म्हणजे घर पूर्ण नष्ट झालं तर परत बांधायला जितका खर्च येईल म्हणून कंपनीने धरलेला आकडा. त्याचा बाजारभावाशी संबंध नाही, तुमच्या कर्जाशी पण नाही. तो आकडा जर ५ लाख असेल तर २% म्हणजे १० हजार डॉलर. आणि हा आकडा बऱ्याच पॉलिसींत दर वर्षी महागाईप्रमाणे आपोआप वाढत जातो, म्हणजे तुमचं डिडक्टिबल पण तुम्हाला न कळता वाढत जातं. मी कोलोरॅडोत असतो, आमच्याकडे ८ मे २०१७ ला डेन्व्हरच्या पश्चिमेला गारांनी जे झालं त्यात २ अब्ज डॉलरच्या वर इन्शुरन्सचं नुकसान होतं, त्यानंतर इकडे टक्केवारीचं डिडक्टिबल अगदी नेहमीचं झालंय.

अंगणवेल

आत्ता बघितलं. ड्वेलिंग ५ लाख २० हजार. म्हणजे १०,४०० डॉलर??? आम्हाला घर घेताना एजंटने हे सांगितलंच नाही हो. किंवा सांगितलं असेल आणि तेव्हाच्या गडबडीत कळलं नसेल. खरंच हात गार पडले.

रानजाई

मी सात वर्षं क्लेम ॲडजस्टर, म्हणजे इन्शुरन्सतर्फे नुकसान तपासणारी, म्हणून काम केलंय (आता ते काम सोडलंय), त्यामुळे जरा सविस्तर लिहिते, कारण १०,४०० ऐकून घाबरून लोक दोन टोकाच्या चुका करतात, एक तर क्लेमच करत नाहीत किंवा 'डिडक्टिबल माफ' वाल्याच्या मागे जातात.

ॲडजस्टर येतो तेव्हा छताच्या प्रत्येक उतारावर दहा फूट बाय दहा फुटाचा चौकोन खडूने आखतो आणि त्यात गारांचे किती मार दिसतात ते मोजतो. खऱ्या गारेच्या माराच्या जागी वरचे कण उडालेले असतात आणि अंगठ्याने दाबलं की आतून मऊ लागतं, मार लागलेल्या आंब्यासारखं. उन्हाने आलेले फोड, म्हातारपणाने गळलेले कण, कोणी पाय घसरवून खरवडलेली जागा हे सगळं वेगळं दिसतं आणि ते कव्हर होत नाही, कारण झीज हा प्रत्येक पॉलिसीत वगळलेला भाग आहे. म्हणून तो गटर, व्हेंट, एसीची जाळी हे मऊ धातूचे भाग पण बघतो, तिथे गारांचा आकार आणि दिशा कळते. तुमच्याकडे एसीवर खुणा आहेत म्हणताय, चांगलं आहे, त्यांचे फोटो आत्ताच काढून ठेवा, शेजारी एखादं नाणं ठेवून.

आता पैशाचा हिशोब. तुमची पॉलिसी छताला रिप्लेसमेंट कॉस्ट (नवीन बसवण्याचा खर्च) देते की ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू (जुनेपणाची घट वजा करून आजची किंमत), हे दोन शब्द शोधा. समजा पूर्ण छताचा अंदाज २३,८०० आला. छत ११ वर्षांचं म्हणून डेप्रिसिएशन, म्हणजे जुनेपणाची घट, समजा ८,९०० धरलं. मग आजची किंमत १४,९००, त्यातून डिडक्टिबल १०,४०० वजा, पहिला चेक येईल ४,५०० चा. इथे लोक हताश होतात, '२४ हजाराच्या कामाला साडेचार हजार?' पण रिप्लेसमेंट कॉस्ट असेल तर काम पूर्ण करून अंतिम बिल पाठवलं की कापून ठेवलेले ८,९०० दुसऱ्या चेकने मिळतात. म्हणजे कंपनीकडून एकूण १३,४०० आणि तुमच्या खिशातले १०,४००. पण छताला फक्त ॲक्च्युअल कॅश व्हॅल्यू असेल तर ४,५०० वरच विषय संपला, बाकीचे १९,३०० तुमचे. तोच मार, तीच कंपनी, फक्त पॉलिसीतल्या एका ओळीचा फरक. काही पॉलिसींना छतासाठी वेगळं शेड्यूल जोडलेलं असतं, छताच्या वयाप्रमाणे इतके टक्के देऊ असा तक्ता, ते पण शोधा. हे रिन्यूअलच्या वेळी जाड पाकिटात एका कागदावर कळवून बदललेलं असू शकतं, त्यामुळे जुन्या कॉपीवर जाऊ नका, या वर्षीची काढा.

दुसऱ्या चेकला मुदत असते. माझ्या बघण्यात १८० दिवसांपासून दोन वर्षांपर्यंतच्या पॉलिसी आल्यात. ती तारीख क्लेमच्या पत्रात असते, कॅलेंडरवर लिहून ठेवा. मी स्वतः अशी कुटुंबं बघितलीयत ज्यांनी पहिला चेक घेतला, काम पुढे ढकललं आणि दुसरा गमावला. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

अवकाळी

एवढं टेन्शन कशाला घेता, आमच्या गल्लीत तीन वर्षांपूर्वी निम्म्या लोकांनी डिडक्टिबल न भरता छतं बदलली, रूफरने सगळं ॲडजस्ट करून दिलं. कंपन्या इतका प्रीमियम घेतात मग आपण थोडं वाचवलं तर काय बिघडलं, सगळेच करतात.

रानजाई

अवकाळी, तुमची चीड समजते, प्रीमियम खरंच डोळे फिरतील असे झालेत. पण हे 'ॲडजस्ट' म्हणजे काय होतं ते सांगते. रूफर कंपनीला २३,८०० चं बिल दाखवतो आणि प्रत्यक्षात १३,४०० मधे काम उरकतो. म्हणजे एक तर बिल खोटं, किंवा कामात कुठेतरी १० हजार कापलेत, स्वस्त अंडरलेमेंट (छताच्या वरच्या थराखालचं अस्तर), जुनंच फ्लॅशिंग (सांध्यांवरची धातूची पट्टी), कमी खिळे. ते चार वर्षांनी गळतं तेव्हा तो रूफर त्या गावात नसतो. आणि खोट्या बिलावर तुमची पण सही असते.

टेक्सासमधे तर १ सप्टेंबर २०१९ पासून कायदाच आहे, रूफरने डिडक्टिबल माफ करणं, परत देणं, 'भरून देऊ' म्हणणं हा गुन्हा आहे, आणि घरमालकाने जाणूनबुजून ते न भरू देणं हा पण. दुसरा चेक देण्याआधी डिडक्टिबल भरल्याचा पुरावा, म्हणजे रद्द झालेला चेक, कार्डाचं स्टेटमेंट, कंपनी मागू शकते. १,००० डॉलर किंवा त्याच्या वरच्या अशा कामाच्या कॉन्ट्रॅक्टमधे डिडक्टिबल घरमालकानेच भरायचं हे वाक्य ठळक छापलेलं असलंच पाहिजे. अंगणवेल, त्या माणसाच्या कागदावर ते आहे का बघा बरं.

अंगणवेल

नाही. एका पानाचा कागद आहे आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय की इन्शुरन्सने क्लेम मंजूर केला तर काम यांनाच द्यायचं, नाहीतर क्लेमच्या २०% रक्कम द्यायची. तपासणीची परवानगी म्हणाला होता!! सही नाही करत. सगळ्यांचे मनापासून आभार, नवऱ्याला पण वाचायला दिलाय धागा.

कौलारू

थोडक्यात वाचलात. हेच ते. कोलोरॅडोत २०१२ पासून कायदा आहे, छताच्या कॉन्ट्रॅक्टवर सही केल्यापासून ७२ तासात रद्द करता येतं, आणि कंपनीने क्लेम पूर्ण किंवा थोडा नाकारल्याचं कळलं की तेव्हापासून परत ७२ तास मिळतात. इतर राज्यातल्यांनी आपापल्या राज्याच्या डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्सच्या साईटवर बघा.

आणि वादळाची तारीख पक्की करून ठेवा. नॅशनल वेदर सर्व्हिस एक इंच किंवा मोठ्या गारांना सिव्हियर धरते, स्टॉर्म प्रेडिक्शन सेंटरच्या साईटवर त्या दिवसाचे रिपोर्ट असतात, तुमच्या भागाचा रिपोर्ट सेव्ह करा. मागच्या वादळाचा मार की या वादळाचा, या प्रश्नावर क्लेम अडकतात. शक्यतो वादळाआधीचे छताचे फोटो पण शोधा, घर घेतानाच्या इन्स्पेक्शन रिपोर्टमधे असतात.

नदीकाठ

एक शंका, क्लेम करायचाच का हे आधी ठरवायचं ना? आमच्याकडे वाऱ्याने सात-आठ शिंगल्स (छतावरच्या चकत्या) उडाल्या होत्या, खर्च ९०० डॉलर आणि डिडक्टिबल १,०००. मी फोन करून क्लेम टाकला, कंपनीने शून्य दिलं, आणि दोन वर्षांनी दुसऱ्या कंपनीचं कोट घेताना तो शून्याचा क्लेम समोर आला.

रानजाई

हो नदीकाठ, हे फार महत्त्वाचं आणि लोकांना माहीत नसतं. क्लू नावाचा रिपोर्ट असतो, लेक्सिसनेक्सिस कंपनी ठेवते, त्यात तुमच्या नावावरचे आणि त्या घरावरचे सात वर्षांपर्यंतचे क्लेम असतात, शून्य दिलेले पण. वर्षातून एकदा तो तुम्हाला फुकट मागवता येतो. घर विकत घेताना विकणाऱ्याकडून पण मागा.

म्हणून आधी ओळखीतल्या, गावातच दुकान असलेल्या रूफरकडून पैसे देऊन किंवा न देता तपासणी करून लेखी अंदाज घ्या. दुरुस्ती डिडक्टिबलच्या आत किंवा जेमतेम वर असेल तर स्वतः करा आणि पावत्या ठेवा. अंगणवेलच्या केसमधे अंदाज २० हजाराच्या वर गेला तर क्लेम करण्यात अर्थ आहे. एजंटला प्रश्न विचारताना पण 'मला क्लेम करायचा नाहीये, फक्त पॉलिसी समजून घ्यायचीये' असं स्पष्ट म्हणा. फार वाट पण बघू नका, बऱ्याच पॉलिसीत नुकसान झाल्यापासून एका वर्षाची मुदत असते.

शिलेदार

टँपाहून. आमच्याकडे हरिकेन डिडक्टिबल हा तिसराच प्रकार. हरिकेनचं वेगळं, साध्या वाऱ्या-गारांचं वेगळं. फ्लोरिडाच्या कायद्याने कंपनीने ५०० डॉलर, २%, ५%, १०% असे पर्याय द्यायचे असतात, आणि एकाच कंपनीकडे असाल तर ते कॅलेंडर वर्षात एकदाच पूर्ण भरायचं. २०२४ मधे हे कळलं, सप्टेंबरच्या शेवटी हेलीन आणि दोन आठवड्यात मिल्टन. हेलीनला आमच्या छताचं नुकसान डिडक्टिबलपेक्षा कमी होतं म्हणून मी कळवणारच नव्हतो, पण शेजारच्या काकांनी सांगितलं की कळव, पावत्या दे, कारण ती रक्कम वर्षाच्या डिडक्टिबलमधे धरली जाते. मिल्टनने मागचा उतार उघडा केला तेव्हा उरलेलंच भरावं लागलं. (उरलेलं जर साध्या डिडक्टिबलपेक्षा कमी असेल तर साधं लागतं, दोन्हीत जे जास्त ते.) म्हणजे नदीकाठचा सल्ला आमच्याकडे हरिकेनला उलटा लागू होतो.

फ्लोरिडावाल्यांसाठी अजून, २०२२ च्या शेवटी कायद्यात झालेल्या बदलानंतर नवा क्लेम एका वर्षात कळवावा लागतो. आणि छत १५ वर्षांच्या आतलं असेल तर फक्त वयावरून पॉलिसी नाकारता येत नाही. आणि पुराचं पाणी, समुद्राचं आत आलेलं पाणी यात काहीच येत नाही, त्याला वेगळी फ्लड पॉलिसी. छतातून आत आलेला पाऊस आणि दारातून आत आलेलं पाणी, घर एकच ओलं होतं पण पॉलिसी वेगवेगळ्या.

शेवंती

आमचं टाऊनहाऊस आहे, छत एचओएचं (घरमालकांच्या सोसायटीचं). तरी मला ३,२०० डॉलरचं पत्र आलंय, मास्टर पॉलिसीचं (सोसायटीच्या एकत्र पॉलिसीचं) डिडक्टिबल सगळ्या घरांमधे वाटलंय म्हणे. माझ्या पॉलिसीतून मिळेल का काही?

रानजाई

शेवंती, तुमच्या पॉलिसीत लॉस असेसमेंट (सोसायटीने सभासदावर टाकलेला नुकसानीचा वाटा) नावाचं कव्हरेज शोधा. मूळ मर्यादा बऱ्याचदा १,००० डॉलरच असते आणि ती थोडा प्रीमियम देऊन वाढवता येते, पण वाढवलेली असली तरी मास्टर पॉलिसीच्या डिडक्टिबलसाठी वेगळी मर्यादा आहे का ते वाचा, तिथेच गोम असते. एचओएकडून क्लेमची कागदपत्रं आणि तुमचा वाटा कसा काढला ते लेखी मागा.

अंगणवेल

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय, उशीर झाला सॉरी.

ऑफिसातल्या एकीने सुचवलेल्या रूफरने (सतरा वर्षं याच गावात आहे) बघून २४ हजाराच्या आसपास अंदाज दिला, मग क्लेम केला. ॲडजस्टर आला तेव्हा रूफरला पण हजर ठेवला, दोघं वर एकत्र गेले, रूफर फक्त जागा दाखवत होता, आमच्या वतीने वाटाघाटी करायला त्याने स्वतःच नकार दिला, म्हणाला टेक्सासमधे मला ते करता येत नाही, ते पब्लिक ॲडजस्टरचं काम. मला त्याचा हा सरळपणा आवडला. कंपनीने २३,८०० मान्य केले, डेप्रिसिएशन पण ८,९००! रानजाई तुमचे आकडे तंतोतंत कसे आले मला कळत नाही. छताला रिप्लेसमेंट कॉस्ट आहे, देवाची कृपा.

पहिला चेक ४,५०० चा आला पण त्यावर आमच्या दोघांच्या नावाबरोबर बँकेचं पण नाव आहे. बँक म्हणते चेक आम्हाला पाठवा. हे नॉर्मल आहे?

कौलारू

हो नॉर्मल, कर्ज आहे तोवर घर त्यांचं पण तारण आहे. त्यांच्या लॉस ड्राफ्ट विभागाला (क्लेमचे चेक बघतो तो) फोन करा, लहान रकमेला बहुतेक सही करून परत देतात, मोठ्या रकमेला हप्त्याने देतात आणि शेवटच्या हप्त्याआधी पाहणी करतात. फोनवर बोललात की लगेच ईमेलने 'आपलं असं बोलणं झालं' पाठवा. रूफरला वेळापत्रक आधीच सांगा.

आणि अंदाजाची यादी ओळ न ओळ वाचा. ड्रिप एज (छताच्या कडेची पट्टी), फ्लॅशिंग, गटर, जुनं छत काढणं, परमिट. ॲडजस्टरकडून चुकून सुटतं, त्याला सप्लिमेंट (वाढीव रक्कम) मागता येतं आणि सप्लिमेंटवर परत डिडक्टिबल कापत नाहीत, एका वादळाला एकदाच. गावाच्या नव्या बिल्डिंग कोडमुळे लागणारा वाढीव खर्च मात्र ऑर्डिनन्स ऑर लॉ कव्हरेज असेल तरच.

अंगणवेल

वाचली यादी. मागचे गटर आणि ड्रिप एज नव्हतेच! रूफरने फोटो आणि माप दिलं, मी क्लेम नंबर घालून पाठवलं, नऊ दिवसात २,५०० चं सप्लिमेंट मंजूर. म्हणजे एकूण काम २६,३००, कंपनीचे १५,९००, आमचे १०,४०० तेवढेच राहिले.

अवकाळी

अंगणवेल, अभिनंदन. मी वर जे लिहिलं ते मागे घेतो. काल आमच्या गल्लीतल्या एका घराची चिमणीपाशी गळती निघाली, फ्लॅशिंग बदललंच नव्हतं त्या रूफरने, आता फोन लागत नाही. ते शेजारी वयस्कर आहेत, मी आणि मुलगा जाऊन ताडपत्री घालून आलो. त्यांना आता काय करता येईल?

रानजाई

ताडपत्री घातलीत हे उत्तम, पुढचं नुकसान थांबवणं ही पॉलिसीत घरमालकाची जबाबदारीच असते, ताडपत्रीची पावती ठेवायला सांगा. वाईट कामामुळे झालेली छताची दुरुस्ती इन्शुरन्स देत नाही, पण आत भिंत, सीलिंग, जमीन अचानक भिजली असेल तर तेवढ्यापुरता विचार होऊ शकतो, आधी नुकसान किती ते मोजा आणि त्यांचं साधं डिडक्टिबल बघा, इथे विंड अँड हेलचं लागणार नाही. त्यांचं कॉन्ट्रॅक्ट आणि जुनं बिल मिळालं तर इथे मजकूर टाका (नाव-पत्ता झाकून), वॉरंटीचं काय लिहिलंय बघते.

अंगणवेल

शेवटचं अपडेट. परवा छत झालं, एका दिवसात. क्लास ४ च्या गारा-प्रतिरोधक शिंगल्स घेतल्या, जास्तीचे पैसे आम्ही घातले, सर्टिफिकेट एजंटला पाठवलं, प्रीमियममधे सूट मिळतेय. डिडक्टिबल भरल्याचं कार्डाचं स्टेटमेंट आणि अंतिम बिल पाठवलं, दुसऱ्या चेकची वाट बघतेय.

एजंटला विचारलं २% चं १% केलं तर? प्रीमियम वर्षाला ६४० ने वाढेल म्हणाली. डिडक्टिबल ५,२०० ने कमी होतं, म्हणजे साधारण आठ वर्षांत एकदा मोठ्या गारा पडल्या तर बरोबरी. तुम्ही काय कराल?

कौलारू

डॅलसमधे? नवं छत आहे, क्लास ४ आहे. मी २% च ठेवेन आणि ते ६४० दर वर्षी वेगळ्या सेव्हिंग खात्यात टाकेन, पण १०,४०० हाताशी नसतील त्या घराने १% घ्यावं, तिथे आठ वर्षांचा हिशोब चालत नाही. रिन्यूअल आलं की ड्वेलिंगचा नवा आकडा बघून २% परत काढा, पुढच्या वर्षी १०,४०० राहणार नाहीत.